शत्रू चालेल, मामा नको

माझ्या भाचीला घरात सगळे बारकी म्हणतात. जन्मली तेव्हा ती तशी होती. आता दारातून आत येताना तिला मान वाकवावी लागते, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ती विद्यापीठात संगणकशास्त्रात पीएच.डी. करत होती. विषय काय, असं कोणी विचारलं की माझी थोरली बहीण, म्हणजे बारकीची आई, तिला तोंड उघडू देत नसे.

"कमीत कमी प्रश्नांत उत्तर काढायचं," ताई सांगायची. "म्हणजे मी घरात रोज करते तेच. मला कोणी पदवी दिली नाही."

हे अगदीच चूक म्हणता येणार नाही. दारावर आलेल्या विक्रेत्याला ताई एकच प्रश्न विचारते, आणि तो आपला माल उचलून जिना उतरू लागतो.

मला विषय समजला तेवढा सांगतो, कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं. फळीवर दहा पुस्तकं लावायची असली तर ती लावण्याच्या तऱ्हा छत्तीस लाखांच्या वर जातात. मी ग्रंथालयात नोकरी केली, पण हे कळलं निवृत्तीनंतर. आधी कळलं असतं तर फळीला हात लावायचं धाडस झालं नसतं. आता या लाखो तऱ्हांतली सगळ्यांत चांगली एक शोधायची असेल तर एकेक तपासत बसून भागणार नाही. संगणकाने काहीतरी युक्ती करायला हवी. बारकीचं काम मात्र युक्तीपाशी संपत नव्हतं. ती युक्ती जास्तीत जास्त किती वेळ खाईल, हे तिला आधीच कागदावर सिद्ध करायचं असे. "फार फार तर" हे तिचे लाडके शब्द होते.

"पण हे आधीच कसं कळणार?" मी एकदा जेवणाच्या टेबलावर विचारलं. ताई मटार सोलत होती.

"एक शत्रू कल्पायचा," बारकी म्हणाली. "हे बघ मामा, तू मनात शंभरच्या आतला एक आकडा धर."

"कोणता?"

"कोणताही."

मी विचारात पडलो.

"अरे, धरू नकोस! शत्रू आकडा धरतच नाही, तीच तर गंमत आहे. मी विचारते, पन्नासच्या वर की खाली? जिकडे जास्त आकडे शिल्लक राहतील, तिकडचं उत्तर तो देतो. मला जितकं दमवता येईल तितकं दमवतो. पण एक आहे, आधी दिलेल्या उत्तराला तो पक्का असतो. उलटसुलट बोलत नाही. असला महाबिलंदर शत्रूसुद्धा जितक्या प्रश्नांत हात टेकतो, तितके प्रश्न म्हणजे फार फार तर. मग बाकीची साधी माणसं त्याच्या आतच आटपणार."

"शेवटपर्यंत काही म्हणजे काही ठरवायचं नाही," ताई म्हणाली. "हा तर तुझा मामाच झाला की."

"नाही गं आई, शत्रू मुद्दाम करतो."

"मग मामा त्याच्याहून वाईट."

आम्ही तिघंही हसलो. मी जरा कमी हसलो असेन.

बारकीची युक्ती कागदावर उत्तम होती, पण तिला ती जिवंत माणसांवर चालवून दाखवायची होती. त्यासाठी तिने गाठला आमच्या कोपऱ्यावरचा चष्मेवाला. हा गृहस्थ पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांच्या नाकावर ती जाड लोखंडी फ्रेम चढवून, एकेक काच घालून-काढून "हे बरं की हे?" असं विचारत आला होता आणि आता कावला होता. "लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी काय दिसतं ते सांगता येत नाही," तो म्हणायचा, "आणि ही माणसं मतदान करतात!" बारकीने यंत्र बसवायची परवानगी मागितली तेव्हा त्याने खुर्चीसकट कोपरा देऊन टाकला.

यंत्र म्हणजे एक पेटी होती. तिच्यावर हनुवटी टेकायची, आत दोन भोकांतून बघायचं. समोर अक्षरांचा तक्ता दिसायचा. पेटी एक काच दाखवायची, मग दुसरी, आणि विचारायची, "पहिली बरी की दुसरी?" हाताशी दोन बटणं होती, डावं पहिलीचं, उजवं दुसरीचं. जी काच बरी ठरेल तिच्यावर यंत्र मुक्काम हलवायचं आणि मग तिच्या शेजारच्या काचा दाखवायचं : नंबर किंचित कमी, किंचित जास्त, काच जराशी फिरवलेली. शेजारची एकही बरी निघाली नाही की काम संपलं.

"आणि हे संपतंच?" मी विचारलं होतं.

"जिना चढतोस तेव्हा प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा उंच असते ना?"

"असते."

"मग चढता चढता तू पुन्हा खालच्या पायरीवर पोचशील का?"

"नाही पोचणार."

"झालं. आणि पायऱ्या मोजक्या आहेत. म्हणजे कधीतरी गच्ची येणारच. सिद्ध!"

मला ते फार आवडलं. इतकं मोठं सत्य इतक्या थोडक्यात सांगता येतं हे ऐकून समाधान वाटलं.

या सगळ्यात बारकीची एकच चूक झाली, आणि तीही चांगल्या हेतूने. दुकान रहदारीच्या रस्त्यावर होतं. गाड्यांच्या आवाजात यंत्राचं बोलणं ऐकू जाईना. तेव्हा कुठल्याही गोंगाटात ऐकू जाईल असा आवाज तिला हवा होता, आणि तसा आवाज तिच्या माहितीत एकच होता. तिने ताईला माईकसमोर बसवलं. तेव्हापासून पेटी ताईच्या आवाजात विचारू लागली, "पहिली बरी की दुसरी? लवकर सांगा." "लवकर सांगा" हे ताईने आपल्या मनाने घातलं होतं. बारकीला ते काढायचं होतं, पण आईला सांगायचं कोणी?

गल्लीतले सगळे जण त्या खुर्चीत बसून गेले. सगळ्यांचं काम सिद्ध केलेल्या आकड्याच्या आत आटोपलं. ताईचं तर विचारू नका. स्वतःच्याच आवाजाला मध्ये तोडून ती प्रश्न पुरा व्हायच्या आत बटण दाबत होती. बारकीने प्रबंध बांधून विद्यापीठात दिला. बाहेरगावचे एक परीक्षक येऊन दुकानातच यंत्र बघणार आणि तोंडी परीक्षा घेणार असं ठरलं. पसंत पडलं तर पदवी, आणि पदवी हातात पडली तर एका संशोधन संस्थेतली नोकरी. ती जागा त्यांनी तेवढ्यापुरतीच अडवून धरली होती. नापसंत पडलं तर प्रबंध परत, आणि जागा दुसऱ्याला.

त्याच सुमाराला माझा नंबर वाढला. वाचताना ओळी एकमेकींत शिरू लागल्या. "दुकानात जा," ताई म्हणाली. "आपलं घरचं यंत्र आहे."

मी सकाळीच गेलो. गर्दी असली की मला मागच्या माणसाचा श्वास मानेवर जाणवतो आणि काही सुचत नाही. चष्मेवाल्याने मला खुर्चीत बसवलं, हनुवटी टेकवली, आणि पेटीतून ताई म्हणाली, "पहिली बरी की दुसरी? लवकर सांगा."

मी खरं तेच सांगायचं ठरवलं होतं. दुसरी बरी वाटली, उजवं बटण दाबलं. ताईने पुन्हा विचारलं. आता काचा वेगळ्या होत्या हे मला ठाऊक होतं. पण ताईने एकच प्रश्न दोनदा विचारला की पहिलं उत्तर चुकलं असं समजायचं, हे मी लहानपणापासून शिकत आलो आहे. म्हणून या खेपेला डावं दाबलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर वाटलं, आपण घाई तर करत नाही? चौथ्यांदा वाटलं, इतक्यात उजवीकडच्या काचेवर जरा अन्याय झाला. असं करत करत मी प्रामाणिकपणे पुढे जात राहिलो. दिसतही नव्हतं असं नाही. सगळ्याच काचांतून काही ना काही बरं दिसत होतं.

"काका," बऱ्याच वेळाने चष्मेवाला कानाशी येऊन म्हणाला, "झोप तर नाही ना लागली?"

"नाही, नाही. उत्तरं देतोय."

"अजून?"

"ती विचारतेय अजून."

मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी म्हणालं, "आत ऑपरेशन चालू आहे काय?" चष्मेवाला म्हणाला, "सकाळपासून दुकानात एकच गिऱ्हाईक आहे आणि त्यालाही काही दिसत नाही." मग त्याने बारकीला फोन केला.

ती आली ती यंत्राला लॅपटॉप जोडूनच बसली. पडद्यावर माझी सगळी उत्तरं उतरली होती. ती बघताना तिच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

"मामा, तू गोल फिरतोयस."

"मी तर बसून आहे गं."

"ही काच बघ. हिच्यापेक्षा तुला ही दुसरी बरी वाटली. बरोबर? दुसरीपेक्षा ही तिसरी बरी. आणि तिसरीपेक्षा... पुन्हा ही पहिली बरी?"

"त्या त्या वेळी तसं वाटलं."

"सकाळपासून तुला तसंच वाटतंय! याच काचांना प्रदक्षिणा घालतोयस."

"मग आता कोणती म्हणू?"

बारकीने डोक्याला हात लावला. "मामा," ती म्हणाली, "तू माझा जिना मोडलास."

चष्मेवाल्याला जिन्याचं काही माहीत नव्हतं. तो घाबरून बाहेर पायऱ्यांकडे बघू लागला.

घरी आल्यावर बारकी जेवली नाही. ताईला आधी कळेना. मग बारकीने सांगितलं, की सिद्धतेत तिने एक गोष्ट गृहीत धरली होती : उत्तर देणारा कितीही लबाड असो, उलटसुलट बोलणार नाही. जगातल्या सगळ्यांत वाईट शत्रूपुढे तिचं प्रमेय टिकलं होतं. भिडस्त माणूस तिने हिशेबातच धरला नव्हता.

"एवढंच ना?" ताई म्हणाली. "परीक्षक यायच्या दिवशी बंधुराज आपल्या खोलीत बसतील. मी बाहेरून कडी घालते. तुला शत्रू चालतो ना? मग कुठलाही शत्रू बसव त्या खुर्चीत. शत्रू चालेल, मामा नको."

मला ते पटलं. "मी दोन दिवस गावाबाहेरही जाईन," मी म्हणालो. "कुठे जावं ते मात्र तुम्हीच ठरवा."

बारकी मान हलवत राहिली. "आता मला माहीत झालंय ना आई. परीक्षकांनी विचारलं, हे नेहमीच संपतं का, तर मी काय तोंडाने हो म्हणू? आणि जगात मामा एकटाच आहे का असा?"

"असावा अशी आशा आहे," मी म्हणालो.

तिने विद्यापीठाला कळवून टाकलं, की एक प्रकरण वाढवायचं आहे. नंतरचे दिवस तिच्या खोलीतून बडबड ऐकू यायची. मधूनच ती बाहेर येऊन माझ्यापुढे दोन पेनं धरायची, "कोणतं बरं?" आणि मी उत्तर द्यायच्या आत माझा चेहरा बघून परत आत जायची. शेवटी उपाय सापडला. यंत्राने झाल्या गोष्टी लक्षात ठेवायच्या. एकदा विचारलेली जोडी पुन्हा विचारायची नाही. आणि माणूस फिरून आधीच्याच काचेवर आला, तर त्या फेऱ्यातल्या सगळ्या काचांची एक गाठ मारायची आणि म्हणायचं, या माणसाला या सगळ्या सारख्याच. यांतली कुठलीही द्या. जोड्या मोजक्या असल्याने प्रश्न कधीतरी संपणार हे नक्की. फक्त "फार फार तर"चा आकडा पुष्कळ मोठा झाला. प्रबंधात तिने माझं नाव घातलं नाही. "भिडस्त उत्तरदाता" असं लिहिलं. ते वाचून मला फार बरं वाटलं. पण छापील दिसल्यावर बरं वाटावं असं त्यात काही होतं का, याचा विचार करत बसलो.

"आता मात्र मामा हवा," बारकी म्हणाली. "परीक्षक म्हणतील, दाखव कुठे आहे तो भिडस्त. तू नुसतं यायचंस, बसायचंस, नेहमीसारखी उत्तरं द्यायचीस."

"नेहमीसारखा वाग," ताईने मला बजावलं. मग चहा देताना पुन्हा बजावलं. मग मी मोजे घालत असताना दारातून डोकावून म्हणाली, "फार विचार करू नकोस. म्हणजे, कर. नेहमी करतोस तेवढा कर."

नेहमीसारखं वागायचं म्हणजे कसं, हे मी आजवर कधी बघितलंच नव्हतं. रस्त्याने जाताना मी सराव केला. उजव्या बाजूने चालावं की डाव्या? उजव्या, असं लगेच उत्तर आलं. मला तिथेच धडकी भरली.

परीक्षक म्हणजे ठेंगणे, हळू बोलणारे गृहस्थ होते. खोकल्याची गोळी तोंडात एका गालातून दुसऱ्या गालात नेत ते बोलत. प्रबंध त्यांनी बारकाईने वाचला होता, हे त्यातून बाहेर डोकावणाऱ्या कागदाच्या चिठोऱ्यांवरून दिसत होतं. बारकीने जुनं प्रमेय सांगितलं, ते का अपुरं आहे ते सांगितलं, नवं प्रकरण सांगितलं. ते "हं, हं" करत होते. चष्मेवाल्याने दुकान झाडून-पुसून ठेवलं होतं आणि स्वतः नवा शर्ट घालून एका कोपऱ्यात उभा होता. ताई माझ्या खुर्चीच्या मागे.

मी हनुवटी टेकवली. पेटीतून ताई म्हणाली, "पहिली बरी की दुसरी? लवकर सांगा." मागून खरी ताई कुजबुजली, "सावकाश सांग."

मी ठरवलं होतं की आज गोल फिरायचं. पण गोल फिरायचं तर आधी कुठून निघालो ते लक्षात ठेवायला हवं. म्हणून मी काचेतून नीट बघितलं. इतकं नीट मी आयुष्यात काही बघितलं नसेल. आणि काय सांगू, फरक अगदी ढळढळीत दिसला. एकीतून शेवटची ओळ मुंग्यांसारखी दिसत होती, दुसरीतून अक्षरांसारखी. खोटं कसं दाबणार? उजवं दाबलं. पुढच्या खेपेला तसंच. बोट आपोआप चाललं होतं. मी थांबावं म्हणून मनात धडपडत होतो तोच पेटी म्हणाली, "झालं. उठा."

"उत्तम," परीक्षक म्हणाले. "यंत्र सुबक चालतं. पण हे साधं उदाहरण झालं. आता तो भिडस्त उत्तरदाता दाखवता?"

बारकीने माझ्याकडे बोट केलं.

"हे?" परीक्षकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे तर अगदी ठाम दिसतात."

मला उभ्या आयुष्यात असं कोणी म्हणालं नव्हतं. माझी पाठ क्षणभर ताठ झाली, हे कबूल केलं पाहिजे. मग बारकीचा चेहरा दिसला आणि पाठ जागेवर आली.

"मी पुन्हा बसतो," मी म्हणालो.

पुन्हा बसलो. आधीपेक्षाही लवकर उठलो. तिसऱ्यांदा ताईने माझ्या कानात "घोळ घाल, घोळ घाल" असं म्हणून बघितलं, तर परीक्षकांनी तिला अदबीने थोडं मागे व्हायला सांगितलं. तरी उत्तर तेच आलं.

"ताई, याला आजच अक्कल कशी आली?" चष्मेवाला हळूच म्हणाला.

"माझ्या नशिबाने," ताई म्हणाली.

परीक्षकांनी गोळी या गालातून त्या गालात नेली. "हे बघा," ते बारकीला म्हणाले, "तुमचं गणित बिनचूक आहे. पण असल्या माणसासाठी तुम्ही आकडा एवढा मोठा करून घेतलात. असा माणूस जर कल्पनेतच असेल, तर त्या आकड्याचा भार कशासाठी वाहायचा? दिसतंय त्यावरून माणसं सरळ उत्तर देतात. या प्रकरणाची गरज पटवून द्या, किंवा ते काढून पुन्हा लिहा. वर्षभराची मुदत मी मागून देईन."

"वर्षभर," बारकी म्हणाली. तिचा आवाज तिच्या उंचीला न शोभेल इतका बारीक झाला होता.

"असा माणूस नसतो म्हणता?" ताई उसळली. "साहेब, मी साठ वर्षं याला बघतेय! हा शाळेत जाताना कुठला बूट आधी घालायचा म्हणून रडायचा!"

"एका व्यक्तीचा आठवणीतला पुरावा..." परीक्षक दिलगिरीने म्हणाले आणि प्रबंध पिशवीत ठेवू लागले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या एकाच कामासाठी माझी गरज होती, त्यात मी यशस्वी ठरून बसलो होतो. परीक्षकांना काहीतरी सांगावं असं वाटत होतं, पण "मी खरोखर तसा आहे" हे ठामपणे सांगितलं तर तेही उलटच गेलं असतं.

तेवढ्यात चष्मेवाला पुढे झाला. त्याला प्रबंधाशी देणंघेणं नव्हतं. त्याचं गिऱ्हाईक होतं. "काका, नंबर तर मिळाला. जाता जाता फ्रेम तेवढी निवडून टाका," असं म्हणत त्याने काचेच्या टेबलावर तीन फ्रेमी मांडल्या. एक काळी, एक तपकिरी, एक सोनेरी तारेची.

"निवडा, निवडा," परीक्षकही म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं, आणि वाईट वाटलेला माणूस मदत करायला बघतो. त्यांनी काळी आणि तपकिरी उचलून माझ्यापुढे धरली. "मला वाटतं, काळी."

"हो, काळीच," मी म्हणालो. त्यांनी तपकिरी बाजूला ठेवली आणि सोनेरी उचलली.

"आता ही की काळी?"

"काळी जरा जड आहे. ही नाजूक आहे."

"मग सोनेरी घ्या."

"घेतो," मी म्हणालो. पण सोनेरी नाकावर चढवून आरशात बघितलं तर कुठल्याशा वसुली अधिकाऱ्यासारखा दिसलो. "याच्यापेक्षा मग ती तपकिरी साधी होती, नाही का?"

"तपकिरी तर तुम्ही काळीपुढे सोडलीत."

"हो. तपकिरीपेक्षा काळी बरीच."

"म्हणजे काळी?"

"सोनेरीपुढे नको."

परीक्षकांच्या तोंडातली गोळी थांबली. त्यांनी तीनही फ्रेमी टेबलावर त्रिकोणात मांडल्या आणि एकेका जोडीवर बोट ठेवून मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी उलट्या क्रमाने विचारलं. मी तेही सांगितलं. मला कसलीही अडचण वाटत नव्हती. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर अगदी स्वच्छ होतं.

"पण काका," ते म्हणाले, "मघाशी तपकिरी मागे पडली होती, आणि आता ती सोनेरीच्या पुढे जाते. हे कसं?"

"मघाशी ती काळीच्या शेजारी होती ना," मी म्हणालो. "आता सोनेरीच्या शेजारी आहे. शेजार बदलला की वस्तू वेगळी दिसते. पुस्तकांचंही तसंच असतं." आणि मग भीती वाटून जोडलं, "चुकत असेन कदाचित."

परीक्षकांनी स्वतःचा चष्मा काढून फ्रेमींच्या शेजारी ठेवला आणि डोळे चोळले. नंतर हळूच म्हणाले, "हे भयंकर आहे."

"साठ वर्षं!" ताई म्हणाली.

"तुमच्या यंत्रात फ्रेमींचं काही करता येईल?" त्यांनी बारकीला विचारलं. बारकी आधीच लॅपटॉपवर बसली होती. काळी, तपकिरी, सोनेरी अशी तीन नावं तिने घातली, आणि ताईच्या आवाजाऐवजी परीक्षक स्वतःच माझ्यापुढे फ्रेमी धरून प्रश्न विचारू लागले. मी फिरून काळीवर आलो, आणि पडद्यावर गाठ बसली. तिन्ही सारख्या. कुठलीही द्या.

"थांबलं," बारकी म्हणाली.

"थांबलं खरं," परीक्षक म्हणाले. त्यांनी पिशवीतून प्रबंध पुन्हा बाहेर काढला, त्यातले चिठोरे एकेक करून उपटले आणि चष्मेवाल्याच्या टोपलीत टाकले. "प्रकरण राहू द्या. खरं तर ते पहिलं करा. आधी मामा, मग शत्रू."

बारकीने ताईला मिठी मारली. त्यात ताईचं डोकं तिच्या कोपराखाली गेलं आणि तिथूनच ताई म्हणाली, "बंधुराज, आता तरी एक उचल आणि चल घरी!"

"पण कोणती?"

"मामा, सगळ्या सारख्याच आहेत," बारकी म्हणाली. "सिद्ध झालंय. डोळे मिट आणि हात लाव."

मी डोळे मिटले. हाताला पहिली जी लागली ती उचलली, नाकावर चढवली आणि डोळे उघडले. सुरेख दिसत होतं. भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ, चष्मेवाल्याच्या शर्टावरचा राहून गेलेल्या टाचणीचा ठिपका, बारकीच्या डोळ्यांतलं पाणी, सगळं कसं जिथल्या तिथे. मी जन्मात पहिल्यांदा कोणी न विचारता मत दिलं.

"हीच," मी म्हणालो. "हीच हवी. दुसरी दाखवूसुद्धा नका."

परीक्षक प्रबंधाच्या पहिल्या पानावर पेन टेकवून उभे होते, आणि पान नाकाशी नेऊन सहीची जागा शोधत होते.

"काका," ते म्हणाले, "तो चष्मा माझा आहे. आणि मला तो सही होईपर्यंत तरी लागेल."

मी द्यावा की न द्यावा या विचारात होतो. ताईने तो माझ्या नाकावरून उतरवून त्यांच्या नाकावर बसवला.